मालदीवचा ‘इमुगा’ फॉर्म: फुकट आहे, सोपा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही

मालदीवला व्हिसाची भानगड नाही, हे पुण्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे. फिरायला जाणाऱ्या भारतीयाला आधी काही काढावं लागत नाही, तिथे उतरल्यावर शिक्का मिळतो आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. मात्र ‘इमुगा’ हा ऑनलाइन फॉर्म भरावाच लागतो आणि घोळ होतात ते इथेच. मालदीवच्या इमिग्रेशन खात्याची ही सेवा आहे. आमच्या लेखी ती चांगली आहे, पाचपैकी चार गुणांची.

आधी पैशाचं. इमुगा पूर्ण मोफत आहे. गुगलवर शोधायला गेलं की सरकारी थाटाच्या खासगी साइट्स समोर येतात आणि ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून डॉलर कापून घेतात. खरा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट एमव्ही’ने संपतो. साइटने कार्डाचा नंबर मागितला की ती तिथेच बंद करावी. एजंट माणशी पैसे घेऊन हाच फॉर्म भरून देतात. ते पैसे प्रवास विम्यात घालावेत, कारण विमा पुढे लागणार आहे.

फॉर्म विमानाच्या वेळेआधीच्या ९६ तासांतच भरायचा असतो. आठवडाभर आधी भरून मोकळं होऊ म्हटलं तर जमत नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी बसावं. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्वच्छ फोटो, स्वतःचा फोटो, येण्याजाण्याची तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवावं. पासपोर्टचा फोटो ट्यूबलाइटखाली काढला की प्लॅस्टिकवर चकाकी येते आणि खालच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात काढावा. परतीसाठी वेगळा फॉर्म लागतो, तोही ९६ तासांच्या आतच. तो बहुतेकांच्या लक्षातून जातो आणि मग विमानतळावर रांगेत उभं राहून मोबाइलवर भरण्याची पाळी येते. बेटावरून निघायच्या आदल्या संध्याकाळी, वायफाय चालू असताना उरकून टाकावा.

मराठी नावांची गफलत नेहमीची. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, तिकिटावर मात्र मधलं नाव गाळलेलं असतं. फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच, पूर्ण लिहायचं. पासपोर्ट नंबरमध्ये पहिलं एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. म्हणजे पुढे जे गोल दिसतं ते शून्यच, ‘ओ’ नव्हे. फॉर्म भरला की क्यूआर कोड मिळतो; चूक राहिली तर नवा फॉर्म भरून नवा क्यूआर घ्यावा. क्यूआर ईमेलवर येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, आणि आईबाबांच्या फॉर्मवर मुलाचा ईमेल दिला असेल तर त्यांच्या मोबाइलवर आठवणीने पाठवावा. पासपोर्टची मुदत मात्र सहा महिने शिल्लक असलेली बरी. मालदीवचा नियम त्याहून सैल आहे, पण चेक-इन काउंटरवर वाद घालण्यापेक्षा मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट वेळेत घेणं परवडतं.

सामानाबद्दल तिथलं कस्टम्स कडक आहे. दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत, त्यामुळे बॅगेच्या कप्प्यात कायम असणारी गणपतीची छोटी मूर्ती घरी काढून ठेवावी. ड्यूटी फ्रीमधली बाटलीही चालत नाही. नोव्हेंबर २०२४पासून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बंदी आहे. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ पट्ट्या सोबत हव्यात. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नयेत. आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवावीत. दूरच्या बेटांवर नेणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त दिवसाउजेडी उडतं. विमान संध्याकाळी उतरलं तर रात्र राजधानी मालेच्या आसपास काढावी लागते.

आता पाचवा गुण कुठे गेला ते. इमुगात तब्येतीबद्दल प्रश्न विचारले जातात, तब्येतीसाठी काय करावं हे मात्र त्यातून कळत नाही. क्यूआर आला की माणसाला तयारी झाली असं वाटतं, आणि खरी तयारी राहून जाते. पिवळ्या तापाची लस भारतातून थेट जाणाऱ्याला लागत नाही. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या बाधित देशातून जात असाल तरच लागते, आणि तीही किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. मलेरिया तिथे नाही, २०१५मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने देशाला मलेरियामुक्त जाहीर केलं. डेंगी मात्र आहे. हा डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. सकाळी आणि ऊन उतरताना उघड्या हातापायांना डास पळवणाऱ्या डीईईटी या रसायनाचं प्रमाण २०% किंवा अधिक असलेलं मलम लावावं; आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर मलम. उलट क्रमाने लावलं तर डासाचं मलम खाली दबतं. झिकाचाही धोका आहे. २०२४च्या झिकाच्या साथीनंतर पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको, पण गर्भवतींनी बुकिंगच्या आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. टायफॉइड आणि हिपॅटायटिस एच्या लसी राहिल्या असतील तर निदान दोन आठवडे आधी घ्याव्यात.

विमा घेताना एकच ओळ शोधा: तातडीने रुग्ण हलवण्याचा खर्च. मोठी रुग्णालयं मालेत आहेत, त्यात भारताच्या मदतीने उभं राहिलेलं इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल आलं. दूरच्या अटोलवरून, म्हणजे प्रवाळबेटांच्या समूहावरून, तिथे पोचायचं तर स्पीडबोट किंवा सीप्लेन, आणि खर्चाचा बोजा तिथेच पडतो. स्कूबा करणार असाल तर पॉलिसीत तो वगळलेला नाही ना, हेही पाहा. शेवटची डुबकी आणि विमान यांत २४ तास जाऊ द्या, सीप्लेनही त्यात धरा. कमी दाबात रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात.

परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर फॅमिली डॉक्टरांना ‘मालदीवहून आलोय’ हे आधी सांगा. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही डेंगीची रक्ततपासणी करून घ्या, तोवर पॅरासिटामॉलच घ्या. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळा, डेंगी असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखान्यात भरती व्हा.