मामा तलावावर पारखलेले लाइफ जॅकेट

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावात हौसेने डोंगा वल्हवण्यासाठी नागपूरहून आणलेले फोमचे लाइफ जॅकेट मला बहुतांशी समाधानकारक वाटले. त्यावर १०० न्यूटनची खूण आहे, म्हणजे सुमारे १० किलो भार पाण्यावर तोलून धरण्याची क्षमता. ५० न्यूटनचे स्वस्त जॅकेट केवळ पोहता येणाऱ्यांनी, तेही मदत जवळ असतानाच वापरावे. मात्र पायांमधून घ्यायचा पट्टा सोबत नव्हता आणि त्याविना पाण्यात उतरताच जॅकेट कानांपर्यंत सरकले, म्हणून तो मी गावच्या शिंप्याकडून शिवून घेतला. शिट्टी खणखणीत आहे (काठावरच्या म्हशी बिथरल्या). आपल्याकडच्या कडक उन्हाने कापड विरते, त्यामुळे ते सावलीतच वाळवावे.