झाकलेल्या लाकडाचे पैसे: रायली आर.एम.ए.च्या पुनर्बांधणीत झालेली फसवणूक

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुनर्बांधणीत सर्वांत महाग काम बहुधा तेच असते, जे पूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही. माझी फसवणूक याच कामात झाली. ती करण्याची पद्धत इतकी सोपी आहे आणि ती इतक्या सहज दुसऱ्यावर पुन्हा वापरता येते, की इंग्लंडमध्ये राहून अशी गाडी बाळगू इच्छिणाऱ्या मराठी माणसांना ती तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते.

गाडी म्हणजे रायली या जुन्या ब्रिटिश कंपनीची दीड लिटर इंजिनाची आर.एम.ए. मी कॉव्हेंट्रीत राहते. याच शहराच्या फोल्सहिल भागात रायलीचा कारखाना होता, आणि १९४९ मध्ये उत्पादन ॲबिंग्डनला हलवले जाईपर्यंत या गाड्या तेथेच तयार होत असत. १९४५ ते १९५२ या काळात अशा सुमारे साडेदहा हजार गाड्या बनल्या. १४९६ सीसीचे इंजिन, ब्लॉकमध्येच पण बरेच वर बसवलेले दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारे दांडे), पुढच्या चाकांना टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे), कापडाने मढवलेले छप्पर आणि लांब उतरत जाणारी मडगार्डे, असा हा देखणा संसार आहे. जग्वार ई-टाइपच्या वाट्याला आलेले कौतुक हिला कधीच मिळाले नाही, आणि माझ्या मते तो या गाडीवर झालेला अन्याय आहे.

या उपेक्षेचा फसवणुकीशी थेट संबंध आहे. एम.जी.बी.सारख्या लोकप्रिय गाडीचा संपूर्ण नवा बॉडीशेल (पत्र्याची अखंड बॉडी) १९८८ पासून विकत मिळतो. प्रत्येक पत्र्याला क्रमांक असतो, छापील किंमत असते, आणि वर्कशॉपने सांगितलेला आकडा घरबसल्या ताडून पाहता येतो. रायलीच्या बॉडीला मात्र ॲशच्या लाकडाचा सांगाडा असतो आणि पत्रा त्यावर ठोकलेला असतो. क्रिकेटचे स्टंप परंपरेने ज्या लाकडाचे बनवतात तेच हे लाकूड: चिवट, धक्के सोसणारे, पण ओल धरून राहिली की लवकर कुजणारे. दरवाजांच्या खांबांचे बुंधे, उंबऱ्याची आडवी फळी आणि मागच्या चाकांवरच्या कमानी या ठिकाणी कूज आधी लागते. हा सांगाडा नव्याने करायचा म्हणजे एकेक तुकडा जुन्यावरून बेतून हाताने घडवावा लागतो. त्याला बाजारभाव नसतो, आणि करणारे सुतार मोजकेच असतात. जो कोणी ‘मी करतो’ म्हणतो, त्याचाच शब्द मोल ठरवतो.

मिडलंड्समधील एका लहान वर्कशॉपने गाडी पाहून सांगितले, की चालकाच्या बाजूचे दोन्ही खांब, दोन्ही उंबरे आणि मागच्या कमानी बदलाव्या लागतील. हे निदान खरे होते, हे मुद्दाम नमूद करते, कारण अचूक निदान ऐकल्यावर त्या माणसावर विश्वास बसतो आणि पुढचा सगळा व्यवहार त्या विश्वासावर चालतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले. प्रत्येक टप्प्याआधी लाकडासाठी आगाऊ रक्कम मागितली जाई, आणि बँकेतून थेट खात्यात पाठवल्यास थोडी सवलत देऊ केली जाई. ती सवलत कशासाठी होती, हे पुढे कळले. प्रत्येक टप्प्यानंतर फोटो येत: चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी चौकटीवर, उभा असलेला उघडा सांगाडा, फिकट रंगाचे ताजे लाकूड, नीट बसवलेले सांधे. प्रत्यक्ष पाहायला येते म्हटले की कधी रंगकाम चालू असल्याचे, कधी विम्याच्या अटींमुळे ग्राहकांना आत येता येत नसल्याचे कारण मिळे. गाडी परत आली तेव्हा नवे अस्तर, नवा रंग, खाली काळ्या अंडरकोटिंगचा जाड थर आणि सोबत ताजे एम.ओ.टी. प्रमाणपत्र, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा तपासणी दाखला, होते.

पहिल्याच हिवाळ्यात चालकाचा दरवाजा खाली उतरू लागला. दरवाजा अर्धा उघडून टोकाला धरून हलकेच वर उचलला, तर बिजागरीबरोबर खांबही हलताना दिसला. दुसऱ्या एका अनुभवी कारागिराने पायाजवळचे अस्तर काढून दाभण टोचली, आणि ती मुठीपर्यंत आत गेली. खांबाचा बुंधा मुळीच बदललेला नव्हता. कुजलेला भाग खरवडून तेथे प्लायवूडच्या पट्ट्या आणि पुट्टी भरली होती, वरून एक लोखंडी कोन स्क्रूने जखडला होता, आणि सगळ्यावर काळा लेप फासला होता. उंबऱ्यांची स्थिती याहून वाईट होती. बिलात मात्र प्रत्येक ठिकाणी ‘नवीन ॲश’ असे लिहिलेले आहे.

मग ते फोटो कोणाचे, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर त्या फोटोंतच होते. आर.एम.ए.च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर ११२.५ इंच असते. तिच्याच मोठ्या बहिणीचे, अडीच लिटरच्या आर.एम.बी.चे, ११९ इंच, आणि हे जादा साडेसहा इंच बोनेटच्या भागात वाढलेले असतात. दोन्ही गाड्यांच्या रिम १६ इंची. बाजूने घेतलेल्या एका फोटोत रिमच्या मापावरून हे अंतर काढून माझ्या गाडीच्या तशाच फोटोशी ताडले, तेव्हा लांबी उघड उघड मोठ्या गाडीची निघाली. मला दाखवलेला सांगाडा माझ्या गाडीचा नव्हताच. यापुढे कोणी फोटो पाठवला, तर त्यात चेसिस क्रमांक आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद उघड्या लाकडाशेजारी ठेवलेला असावा, अशी अट कामाआधीच लेखी घालावी. प्रामाणिक कारागिराला त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

एम.ओ.टी. प्रमाणपत्राबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण अनेकांचा समज येथेच चुकीचा असतो. चाळीस वर्षांहून जुन्या आणि गेल्या ३० वर्षांत मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना मे २०१८ पासून ही तपासणी सक्तीची नाही. त्यामुळे ती स्वेच्छेने करून दिली की ग्राहकाला ते सचोटीचे लक्षण वाटते. पण तपासनीसाला अस्तर किंवा पॅनेल उघडण्याची मुभा नसते. शिवाय रायलीचे ब्रेक आणि सस्पेन्शन वेगळ्या पोलादी चेसिसवर असतात, त्यामुळे बॉडीचे लाकूड आतून भुसा झालेले असले तरी गाडी या तपासणीत सहज पार होऊ शकते. माझे प्रमाणपत्र खोटे नव्हते. त्याचा लाकडाशी काही संबंध नव्हता, आणि हे ते माझ्या हाती देणाऱ्या वर्कशॉपला पक्के ठाऊक होते.

लाकडी सांगाड्याच्या कामाचे पैसे, पत्रा आणि अस्तर चढण्यापूर्वी ते लाकूड स्वतः किंवा जाणकाराकरवी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय देऊ नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे. जाणकार कोठे शोधायचा, तर रायली आर.एम. क्लबसारख्या संस्थांत; उपेक्षित गाड्यांचे खरे ज्ञान आज अशा क्लबांच्या सभासदांकडेच टिकून आहे. काढलेले जुने लाकूड टाकून न देता परत मागावे. खरोखर काढलेले असेल, तर ते देण्यात कोणाला अडचण येत नाही.

आता बँक ट्रान्सफरच्या सवलतीकडे येते. १९७४ च्या ग्राहक पतविषयक कायद्याच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या कामाचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असेल, तरी फसवणूक झाल्यास कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरता येते. थेट खात्यात पैसे गेले की हे संरक्षण उरत नाही. त्यानंतर हातात राहतो तो २०१५ चा ग्राहक हक्क कायदा, ज्यानुसार काम वाजवी कौशल्याने झालेच पाहिजे आणि ग्राहकाने ज्यावर विसंबून निर्णय घेतला ते व्यावसायिकाचे तोंडी वा लेखी सांगणे कराराचा भाग ठरते. म्हणून प्रत्येक फोनसंभाषणानंतर त्याचा गोषवारा ईमेलने पाठवून ठेवावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लहान दाव्यांच्या मार्गाने लावता येतो, आणि करारभंगासाठी सहा वर्षांची मुदत असते.

मी दाव्यापूर्वीची नोटीस पाठवताच त्या वर्कशॉपच्या संचालकाने कंपनी नोंदवहीतून काढून टाकण्याचा अर्ज केला. कंपनीज हाउसच्या, म्हणजे ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्याच संचालकाच्या नावाखाली पूर्वीच्या विसर्जित कंपन्याही तेथे दिसल्या, आणि गाडी सोपवण्यापूर्वी ही नोंद प्रत्येकाने पाहावी. असा अर्ज केल्यावर सात दिवसांत धनकोंना, म्हणजे ज्यांचे कंपनीकडे पैसे येणे आहेत त्यांना, त्याची प्रत देणे संचालकावर बंधनकारक असते. मला ती मिळाली नाही. मात्र अर्जाची सूचना लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होते आणि त्यानंतर किमान दोन महिने कंपनी विसर्जित करता येत नाही. या काळात बिले, फोटो आणि नोटिशीची प्रत जोडून कोणताही धनको हरकत नोंदवू शकतो, आणि ती मान्य झाल्यास विसर्जन थांबते. मी हरकत नोंदवली, ती मान्य झाली, आणि त्यामुळे माझा दावा आज अस्तित्वात असलेल्या कंपनीविरुद्ध चालू आहे.