आधी ओहोटी, मग खोली: भरतीचा तक्ता बघून वीकेंड ठरवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

शहरापासून दोन-तीन तासांवर समुद्र असला की शनिवार-रविवारचा बेत बहुधा एकाच क्रमाने ठरतो. सगळ्यांना जमेल अशी तारीख, मग खोली, मग गाडी. समुद्राचा विचार कुणी करत नाही, कारण तो तिथे असणारच. गेले काही महिने मी हा क्रम बदललाय. आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघते, त्यावरून वीकेंड निवडते आणि खोली शेवटी घेते. किनाऱ्यावरच्या दोन दिवसांचं रूप यामुळे इतकं बदललं की सविस्तर लिहावंसं वाटलं.

मी वापरते ते फोनवरचं एक साधं ॲप. छापील तक्ताही तितकाच चालतो, कारण माहिती तीच असते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाच्या चार नोंदी दिसतात, दोन भरतीच्या आणि दोन ओहोटीच्या. प्रत्येकीपुढे वेळ आणि मीटरमधली पातळी. एखाद्या दिवशी तीनच नोंदी असल्या तर ती चूक नव्हे. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे चौथी नोंद कधीकधी मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात जाते.

एवढ्याशा माहितीने काय फरक पडतो, हे किनारा सपाट असेल तर लगेच कळतं. वाळूला शंभर मीटरमागे एक मीटर उतार असेल आणि भरती-ओहोटीच्या पातळीत तीन मीटरचं अंतर असेल, तर पाणी तब्बल तीनशे मीटर मागे सरकतं. ओहोटीला चालायला घट्ट ओली वाळू मिळते, खडकांच्या खळग्यांत अडकलेले खेकडे आणि शंख बघता येतात, मुलांना धावायला जागा असते. त्याच किनाऱ्यावर सहा तासांनी गेलात तर लाटा थेट बंधाऱ्यावर आपटत असतात. जागा तीच आणि खोलीचं भाडंही तेच, पण हाती येणारा दिवस वेगळा.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट तक्त्यात कुठे लिहिलेली नसते. भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटं पुढे जाते (उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत त्याहून कमी; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी हलतं त्या दिवसांत कधी तासाच्याही वर). सात दिवसांत हे पुढे जाणं सहा तासांच्या आसपास भरतं, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच असतं. म्हणून या शनिवारी सकाळी सहाला ओहोटी असेल, तर पुढच्या शनिवारी सकाळी सहाला भरती असते आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यासारखं. एकाआड एक वीकेंड एकाच वळणाचे. हे लक्षात आल्यावर तारखेची घासाघीस फार सोपी झाली. घरच्यांना हा शनिवार जमत नसेल तर मी पुढचा सुचवत नाही, त्याच्या पुढचा सुचवते.

मात्र हा मेळ कायम टिकत नाही, आणि ते काही महिने वापरल्यावरच दिसतं. दर पंधरवड्याला वेळ चाळीसेक मिनिटं अलीकडे येते. सकाळी सहाची ओहोटी दोन आठवड्यांनी सव्वापाचच्या पुढे-मागे असते, महिन्याभराने पावणेपाचला. असं सरकत सरकत साधारण साडेचार महिन्यांत चक्र उलटं होतं, म्हणजे आधी जे वीकेंड माझ्या कामाचे होते ते बिनकामाचे ठरतात आणि मधले कामाचे. त्यामुळे वर्षभराच्या तारखा एकदाच ठरवून ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही. दोन महिन्यांपुरतं बघते.

उधाण आणि भांग हा याचाच दुसरा पदर. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, भरती उंच चढते आणि ओहोटी खोल उतरते. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते आणि पाणी फारसं हलत नाही. प्रत्यक्षात ही टोकं बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवस उशिरा येतात, तेव्हा पौर्णिमा गुरुवारी असेल तरी तो वीकेंड उधाणाचाच समजायचा. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, उधाण विशेष मोठं असतं.

आता एक गोष्ट जी कुठल्याही गावाला पहिल्यांदा जाण्याआधी मी शोधतेच. एका ठरावीक गावात उधाणाची ओहोटी घड्याळाच्या साधारण ठरलेल्या वेळीच येते. कुठे ती पहाटे आणि संध्याकाळी येते, कुठे भर दुपारी आणि मध्यरात्री. हे त्या किनाऱ्याच्या ठेवणीवर आणि पाणी तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेवर अवलंबून असतं, आणि पुढच्या महिन्यात बदलत नाही. ज्या गावात ती सकाळ-संध्याकाळ येते तिथे उधाणाचा वीकेंड म्हणजे पर्वणीच: पहाटे लांबवर चालणं, दुपारी पाणी वर चढलेलं असताना सावलीत आराम, संध्याकाळी पुन्हा मोकळी वाळू. ज्या गावात ती दुपारी बाराला येते तिथे सगळ्यात मोठा किनारा डोक्यावर ऊन असताना उघडा पडतो. अशा गावी मी भांगाच्या वीकेंडला जाते. तेव्हा पाणी कमी उतरतं खरं, पण ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात मिळते. दोन गावं शेजारी असली तरी मध्ये खाडी असेल तर वेळा वेगळ्या निघू शकतात.

परतीच्या गर्दीवरही याचा उतारा सापडला. रविवारी संध्याकाळी ओहोटी असेल तर सगळे अंधार पडेपर्यंत वाळूवर थांबतात आणि एकदमच शहराकडे निघतात. रविवारची ओहोटी सकाळी असलेला वीकेंड घेतला की मनसोक्त फिरून दुपारच्या आत निघता येतं, आणि पाणी चढत असल्यामुळे मागे काही राहिल्याची रुखरुखही नसते. मुलंही कुरकुर न करता गाडीत बसतात, कारण खेळायची वाळू त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याखाली जात असते.

खोली आणि बुकिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भांगाच्या वीकेंडला समुद्रासमोरच्या खोलीसाठी मी जास्त पैसे मोजत नाही, उधाणाच्या वीकेंडला मोजते. छोट्या बंदरातून बोटीने जायचं असेल तर तिची वेळ आधी विचारून घ्यावी. उथळ धक्क्यावर ओहोटीला बोट लागत नाही आणि फेऱ्या पाण्याप्रमाणे बदलतात.

ओहोटीत पायी जाता येईल असं बेट किंवा खडक असेल तर मात्र तक्ता नीट वाचता यायलाच हवा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग येतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. पहिल्या तासात ‘अजून बराच वेळ आहे’ असं वाटतं, आणि तिथेच माणसं अडकतात. मी ओहोटीच्या वेळेआधी तास-दीड तास निघते आणि तक्त्यातली वेळ झाली की बेटावर कितीही छान वाटत असलं तरी परत फिरते. जाण्याआधी तिथल्या माणसांना विचारते. वाटेत मध्येच खोलगट भाग असेल तर परतीची वाट मागच्या बाजूने आधी बुडते, आणि ते कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

उणिवाही आहेत. तक्त्यातला आकडा म्हणजे तुमच्या पायाखालच्या पाण्याची खोली नव्हे. तो नकाशासाठी ठरवलेल्या एका नीचतम पातळीपासून मोजलेला असतो. त्यामुळे ‘०.४ मीटर’ वाचून गुडघाभर पाणी असेल असा अर्थ काढू नये. लहान गावांसाठी बरीच ॲप्स जवळच्या मोठ्या बंदराच्याच वेळा दाखवतात, आणि खाडीच्या आत भरती उशिरा पोचते. मी वापरते त्या ॲपमध्ये कुठल्या बंदराचा आकडा आहे हे बारीक अक्षरात तळाशी दिलंय. ते ठळकपणे वर असायला हवं, कारण त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

शिवाय हे सगळं गणित सूर्य-चंद्राचं. हवामान त्यात नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तर समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर चढते, आणि जमिनीकडे वाहणारा जोराचा वारा पाणी किनाऱ्यावर ढकलतो. वादळी दिवसांत पाणी तक्त्यापेक्षा वर येतं. लाटांची उंचीही तक्ता सांगत नाही, किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाहही नाही. पोहायचं असेल तर जीवरक्षक असलेलाच किनारा निवडावा, आणि आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याविरुद्ध हात न मारता किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूला व्हावं. वारा आणि लाटांसाठी मी हवामान खात्याचा इशारा वेगळा बघते, निघायच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी.

प्रत्येक किनाऱ्याला या तक्त्याचा सारखा उपयोग नाही. भूमध्य समुद्रावर बहुतेक ठिकाणी चढ-उतार इतका थोडा की वीकेंड त्यावरून ठरवण्यात अर्थ नाही. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते, तिथे एकाआड एक वीकेंडचं माझं गणित लागू पडत नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात मात्र फरक १६ मीटरपर्यंत जातो, आणि तिथे तक्ता न बघता वाळूवर उतरणं धोक्याचंच. म्हणून नव्या गावाला जायचं ठरलं की सगळ्यात आधी तिथल्या एका महिन्याच्या नोंदी काढून उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत किती अंतर आहे ते बघते. ते मीटरभराहून कमी असेल तर तक्ता बाजूला ठेवते आणि नेहमीसारखी खोली आधी घेते.