टिश्यू बँकेचा रिव्ह्यू, पाचपैकी साडेतीन स्टार

हॉटेलचे रिव्ह्यू ढिगाने असतात, हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेबद्दल (पेशंटच्या गाठीचे, रक्ताचे नमुने रिसर्चसाठी जपून ठेवतात ती जागा) कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलचं नाव घेत नाही कारण थोडी तक्रारपण आहे.

आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होतं, तेव्हा विचारलं की तपासणी होऊन गाठीतलं जे उरेल ते रिसर्चला द्याल का. आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे मला जास्त कापणार का?" तर नाही. पॅथॉलॉजीवाले निदानासाठी लागेल तेवढं आधी घेतात, त्यातून उरलं तरच बँकेला, नाही उरलं तर विषय संपला. वर फक्त रक्ताची एक नळी, ती नेहमीच्या टेस्टबरोबरच काढली. रक्त कशाला तर गाठीतला डीएनए आणि नॉर्मल डीएनए शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कुठला बदल जन्मापासूनचा आणि कुठला कॅन्सरमुळे झालेला हे कळत नाही.

सर्विस म्हणाल तर फास्ट, आणि तसं असावंच लागतं, कारण गाठीचा रक्तपुरवठा तुटला की आतलं आरएनए (डीएनएवरून पेशीत तयार होणारा नाजूक रेणू) खराब व्हायला लागतं, त्यामुळे बँकेचा माणूस ऑपरेशन चालू असतानाच तयारीत असतो. काही तुकडे लिक्विड नायट्रोजनमध्ये जातात (उणे १९६ डिग्री!), काही फॉर्मलिनमधून (टिश्यू टिकवायचं रसायन) मेणाच्या ब्लॉकमध्ये. सॅम्पलवर नाव नाही, कोड असतो. अशाच दिलेल्या सॅम्पल्सवर २००६ मध्ये अमेरिकेत कॅन्सर जीनोम ॲटलास (कॅन्सरच्या डीएनएतले बदल नोंदवणारा मोठा प्रकल्प) सुरू झाला आणि त्यात ३३ प्रकारच्या कॅन्सरचा अभ्यास झाला, म्हणजे उरलेल्या तुकड्याला किंमत आहे बरं का.

आता स्टार कुठे कापले. फॉर्म आणला ऑपरेशनच्या आदल्या रात्री! माणूस आधीच घाबरलेला, त्यात पानंच्या पानं वाचायची. ओपीडीतच दिला असता तर घरी बसून नीट वाचला असता. कोऑर्डिनेटर मुलगी मात्र गोड होती, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काकू, नाही म्हणालात तरी ट्रीटमेंट तीच. नंतर मन बदललं तर सांगा, शिल्लक सॅम्पल काढून टाकू, पण ज्यावर काम झालंय तो डेटा परत घेता येणार नाही." हे शेवटचं वाक्य तिने न विचारता सांगितलं, अर्धा स्टार त्याचाच. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सर पेशंटच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या, जगभरच्या लॅबमध्ये वाढवल्या, घरच्यांना पत्ताच नाही, त्यामानाने आता निदान विचारतात तरी.

दुसरी तक्रार, सही झाली की पुढे शांतता. पर्सनल रिपोर्ट मिळत नाही हे फॉर्ममध्येच होतं, मान्य, पण सॅम्पल्सवर एकूण काय काम चाललंय याचं वर्षातून एक पानभर पत्र पाठवायला काय जातं?

तुम्ही देणार असाल तर दोन गोष्टी विचाराच. सॅम्पल प्रायव्हेट कंपनीला जाऊ शकतं का (आमच्या फॉर्ममध्ये जाऊ शकतं असं होतं, पैसे आपल्याला मिळत नाहीत), आणि तुमचा निदानाचा मेणाचा ब्लॉक पॅथॉलॉजीकडेच राहणार ना, कारण पुढे सेकंड ओपिनियन किंवा नवीन टेस्ट करायची वेळ आली तर तोच लागतो.