इम्युनो की सेटुक्सिमॅब?
डिचोलीच्या ताई, बाबांचा गालाचा कॅन्सर परत आलाय, त्यात इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) की सेटुक्सिमॅब ही निवड, गोंधळ होणारच. सेटुक्सिमॅब कॅन्सरच्या पेशीवरच्या ईजीएफआरला, म्हणजे तिला वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाला अडवतं, केमोसोबत गाठ लवकर आकसू शकते, पण बहुतेकदा दर आठवड्याला सलाईन म्हणजे बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या खेपा, आणि चेहऱ्यावर पिंपल्ससारखं पुरळ. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोची औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत पण ज्यांना पडतात त्यांना बरेच महिने टिकतात, खेपाही कमी. इम्युनोवर असताना नवा खोकला, धाप, जुलाब झाले तर मात्र लगेच फोन करायचा, अंगावर काढू नका. खर्च दोन्हींचा जबर, पण मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलने फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब तोंडी गोळ्यांसोबत देऊन फायदा दाखवलाय, हे डॉक्टरांना विचाराच. गाठीमुळे गिळणं अडत असेल तर सेटुक्सिमॅब-केमो बरं, घाई नसेल आणि पीडी-एल१ (गाठीच्या तपासणीत मोजलं जाणारं, इम्युनो लागू पडेल का याचा अंदाज देणारं प्रथिन) जास्त असेल तर इम्युनो.