सर्वांसाठी आरोग्यसेवा: गुडघा एक, वाटा चार

सगळ्यांच्या आजारपणाची जबाबदारी समाजाने मिळून घ्यावी का, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, पैशांअभावी कुणाचा जीव जाता कामा नये. दुसरी म्हणते, सरकारी कारभार आम्ही बघितलाय, आमचं ऑपरेशन त्याच्या भरवशावर नको. मला यात नेहमी एक गोष्ट खटकते: या दोन बाजू एकमेकींना उत्तर देतच नाहीत. पहिली सांगते, कुणाला वगळू नका. दुसरी सांगते, ते काम सरकारी खात्याकडे देऊ नका. दोन्ही म्हणणी एकाच वेळी मान्य करता येतात, आणि तशी मान्य करून वर्षानुवर्षं कारभार चालवणारे देशही आहेत.

जागतिक आरोग्य संघटना सार्वत्रिक आरोग्यसेवेचा जो अर्थ लावते, तो साधा आहे. ज्याला जी सेवा लागेल ती मिळावी, आणि ती घेताना घरावर आर्थिक संकट येऊ नये. रुग्णालय कुणाच्या मालकीचं, डॉक्टरला पगार मिळणार की दर तपासणीमागे फी, विमा कंपन्या असणार की नसणार, यातलं काहीच त्या व्याख्येत ठरलेलं नाही. विरोधाचा बराच भाग या न ठरलेल्या गोष्टींविषयी असतो. म्हणून मत ठरवण्याआधी वेगवेगळ्या रचनांत प्रत्यक्ष माणसाचं काय होतं, ते बघू या.

चार देशांतल्या एकच बाई

अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंचा गुडघा झिजलाय. जिना उतरताना एका हाताने कठडा धरायचा, आधी दुखरा पाय खाली टाकायचा, मग चांगला. रात्री कूस बदलली की जाग येते. सांधा बदलावा लागणार, हे डॉक्टरांनी सांगितलंय. जीव धोक्यात नाही, पण जगणं आखडत चाललंय. आरोग्यव्यवस्थेची खरी परीक्षा अशाच दुखण्यात होते, असं मला वाटतं. अपघातात सापडलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी आधी आत घेतात.

ब्रिटनमध्ये या बाई आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातील, तिथून रुग्णालयाकडे चिठ्ठी जाईल, आणि तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत त्यांना एक पैही द्यावी लागणार नाही. 5 जुलै 1948 ला सुरू झालेली ही सेवा करांच्या पैशातून चालते. पण पुढे रांग आहे. 100 पैकी 92 रुग्णांचे उपचार चिठ्ठी मिळाल्यापासून 18 आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा इंग्लंडचा स्वतःचाच दंडक आहे, आणि तो 2016 पासून पाळला गेलेला नाही. 2023 मध्ये तिथली प्रतीक्षा यादी 75 लाख नोंदींच्या वर गेली होती. त्यात हाडांच्या शस्त्रक्रियांची रांग सर्वांत मोठ्या रांगांपैकी एक. पैसे असतील तर बाई खासगीत जाऊन लवकर मोकळ्या होऊ शकतात, तिथे बंदी नाही.

कॅनडात डॉक्टर बहुतेक स्वतंत्र व्यवसाय करतात, बिल मात्र प्रांताकडे जातं. रुग्णाकडून वरचे पैसे घेण्याला 1984 च्या कायद्याने आळा घातला. इथेही रांग आहे. गुडघ्यासाठी 26 आठवड्यांची मर्यादा ठरवलेली आहे आणि बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत ती उलटून जाते. ब्रिटनपेक्षा एक बाब जास्त टोचते. जी सेवा सरकारी विम्यात आहे, तिच्यासाठी खासगी विमा विकायला काही प्रांतांत मनाई होती. 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्युबेक प्रांतातली ही मनाई चार विरुद्ध तीन मतांनी उडवली. यादीत नाव लागणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे, असं बहुमतातल्या न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं. शिवाय घरी आल्यावरची औषधं आणि रुग्णालयाबाहेरचा व्यायामोपचार त्या राष्ट्रीय हमीत येत नाहीत. ‘सगळं फुकट’ हा कॅनडाविषयीचा समज अर्धवट आहे.

स्वित्झर्लंडमध्ये सरकारी विमाच नाही. 1996 पासून प्रत्येकाने खासगी कंपनीचा मूलभूत विमा घेतलाच पाहिजे, आणि कंपनीनेही प्रत्येकाला घेतलंच पाहिजे. गुडघा आधीच खराब आहे म्हणून नाकारता येत नाही. या मूलभूत विम्यावर नफा कमवायला मनाई आहे. बाईंनी आपला वार्षिक स्वखर्चाचा टप्पा 300 ते 2500 फ्रँकच्या दरम्यान निवडलेला असेल, त्यावरच्या बिलाचा दहावा हिस्सा वर्षाला 700 फ्रँकपर्यंत त्या भरतील. ऑपरेशन लवकर होईल. पण हप्ता मिळकतीनुसार ठरत नाही. बँकेच्या संचालकाचा आणि सफाई कामगाराचा हप्ता सारखाच, म्हणून कमी मिळकतीच्या लोकांना सरकार त्यासाठी मदत देतं. शेजारच्या जर्मनीत हेच काम उलट बाजूने होतं. 1883 मध्ये चान्सलर बिस्मार्कच्या काळात सुरू झालेल्या तिथल्या आरोग्यविमा निधींमध्ये वर्गणी पगाराच्या टक्केवारीने जाते, सध्या मूळ दर 14.6 टक्के आणि वर प्रत्येक निधीचा थोडा जादा आकार, अर्धं मालकाचं, अर्धं कामगाराचं. पगार कमी तर वर्गणी कमी.

आता अमेरिका. बाईंच्या नोकरीबरोबर चांगला विमा असेल तर त्यांची सोय उत्तम होईल, कदाचित चौघींमध्ये सर्वांत लवकर. पण विमा नोकरीला बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर निर्बंध आले, तेव्हा मालकांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली, करसवलतीने ती पद्धत घट्ट केली आणि ती तशीच राहिली. गुडघ्यामुळे उभ्याने करायची नोकरी सुटली, तर विमाही सुटला. 2014 पासून आधीच्या आजारामुळे विमा नाकारता येत नाही, अनेकांना हप्त्यात मदतही मिळते. तरीही 2023 मध्ये अडीच कोटींहून जास्त लोक विम्याविना होते. त्यांच्यातल्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाई काय करतात? त्या पासष्ट पूर्ण व्हायची वाट बघतात, कारण तेव्हा ज्येष्ठांचा सरकारी विमा सुरू होतो.

म्हणजे सात वर्षं. ही प्रतीक्षा कुठल्याच यादीत मोजली जात नाही. ब्रिटनची रांग बातम्यांत येते कारण ब्रिटन ती मोजतं. ज्या रांगेला नावच नाही, तिच्याबद्दल कुणाला जाब विचारायचा? तुलना करताना माझं मन सगळ्यात जास्त इथे अडकतं. उपचारांवर मर्यादा प्रत्येक व्यवस्थेत असते. ती कुठे वेळेने येते, कुठे किमतीने, कुठे कोणती सेवा मिळेल याच्या यादीने.

विरोध करणारे काय म्हणतात

‘विरोधक स्वार्थी असतात’ असं म्हणून मोकळं होणाऱ्यांचं मला पटत नाही. काही आक्षेप चांगलेच वजनदार आहेत.

पहिला कराचा. अमेरिकेतल्या व्हर्माँट या छोट्या राज्याने 2011 मध्ये सर्वांसाठी एकच सार्वजनिक विमा आणायचा कायदा केला. राज्यकर्ते बाजूचे, लोकमतही बरंच अनुकूल. मग हिशेब मांडला गेला: मालकांवर पगारपत्रकाच्या 11.5 टक्के नवा कर, आणि कुटुंबांवर मिळकतीच्या 9.5 टक्क्यांपर्यंत आकार. डिसेंबर 2014 मध्ये राज्यपालांनी स्वतःच योजना गुंडाळली. समर्थक सांगतात की या करांच्या बदल्यात विम्याचे हप्ते बंद होणार होते, आणि ते खरंच आहे. पण हप्ता बऱ्याचदा मालक परस्पर भरतो, तो कामगाराला दिसतच नाही. कर पगाराच्या चिठ्ठीवर दिसतो. शिवाय कुणाचं भलं होणार आणि कुणाच्या खिशाला चाट बसणार, हे सगळ्यांसाठी सारखं नसतं. ज्याचा भार वाढणार, त्याला ‘एकूण समाजाचा खर्च कमी होईल’ हे सांगून काय उपयोग? त्याचा विरोध मला समजतो. फक्त ‘परवडत नाही’ हे सरसकट विधान टिकत नाही. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 17 टक्के आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन आणि कॅनडा 11 च्या आसपास. थायलंडने तर 2002 मध्ये, श्रीमंत नसताना, कुठल्याच योजनेत नसलेल्यांना दर भेटीला 30 बाट घेऊन सेवा सुरू केली.

दुसरा आक्षेप: फुकट मिळालं की लोक वाटेल तसं वापरतात. याची तपासणी झालेली आहे. 1970 च्या दशकात रँड या संस्थेने अमेरिकेत हजारो लोकांना वेगवेगळ्या प्रकारचे विमे देऊन काही वर्षं पाहणी केली. ज्यांना सगळं मोफत होतं, त्यांचा खर्च बहुतेक बिल स्वतः भरणाऱ्यांपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी जास्त निघाला, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीत मोठा फरक पडला नाही. विरोधकांचा मुद्दा इथवर खरा. पण स्वतः पैसे भरणाऱ्यांनी गरजेचे आणि बिनगरजेचे, दोन्ही उपचार सारखेच कमी केले होते. कुठलं दुखणं अंगावर काढलं तर चालेल, हे माणसाला ठरवता येत नाही. गरीब आणि रक्तदाब असलेल्यांना मोफत सेवेचा फायदा स्पष्ट दिसला.

समर्थकांनीही 2008 चा ऑरेगन राज्याचा अनुभव नीट वाचावा. तिथे गरिबांसाठीच्या विम्यात थोड्याच जागा होत्या, म्हणून चिठ्ठ्या टाकून त्या भरल्या. विमा मिळालेल्यांचं कर्ज आणि पैशाची चिंता घटली, नैराश्य कमी झालं. मात्र दोन वर्षांत रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत ठोस सुधारणा दिसली नाही, आणि तातडीच्या विभागात जाणं तर सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं. ‘विमा दिला की तातडीच्या विभागातली गर्दी ओसरेल’ हे समर्थकांचं आवडतं वाक्य त्यात खोटं ठरलं. विमा सगळ्यात आधी घर बुडण्यापासून वाचवतो. मला तेवढंही पुष्कळ वाटतं, पण वचन द्यायचं तर तेवढंच द्यावं.

डॉक्टरांच्या विरोधाचा इतिहास मोठा आहे. 1948 च्या सुरुवातीला ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतलं, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ जण विरुद्ध होते. आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांनी तज्ज्ञांना सरकारी रुग्णालयातच खासगी रुग्ण बघायची मुभा दिली आणि वाट मोकळी केली. कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांतात 1 जुलै 1962 ला सरकारी विम्याची योजना लागू झाली त्याच दिवशी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. ब्रिटनमधून डॉक्टर आणावे लागले. 23 दिवसांनी तडजोड झाली: डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, दर सेवेमागे फी घेतील. या भांडणात पैसा होताच. पण माझ्या आणि रुग्णाच्या मध्ये कारकून बसणार, ही भीतीही खोटी नव्हती. आज ती भीती विमा कंपनीच्या परवानगीची वाट बघणाऱ्या डॉक्टरलाही तितकीच लागू पडते.

औषध संशोधनाचा मुद्दाही येतो: अमेरिकेतल्या चढ्या किमतींवर जगभरच्या नव्या औषधांचा बराच नफा उभा आहे. यात तथ्य आहे, पण हा वाद औषधांच्या दराचा आहे. बाईंना विमा असावा की नसावा याचा नाही.

उरतो सक्तीचा प्रश्न. धडधाकट तरुणाने विमा का घ्यावा? तांत्रिक उत्तर सोपं आहे. फक्त आजारी लोकच विमा घेऊ लागले तर हप्ता चढतो, मग थोडे बरे असलेले बाहेर पडतात, हप्ता आणखी चढतो, आणि शेवटी विमाच मोडतो. म्हणून खासगी कंपन्यांच्या स्वित्झर्लंडलाही सक्ती करावीच लागली. पण ज्याला सक्तीच मुळात अन्याय्य वाटते, त्याचं समाधान या उत्तराने होणार नाही, आणि आकड्यांनी ते करताही येणार नाही. हा मूल्यांचा फरक आहे. मी सक्तीच्या बाजूने आहे, कारण पुढच्या वर्षी धडधाकट कोण राहील हे कुणालाच माहीत नसतं.

मग ठरवायचं कसं

नोकरीचा भक्कम विमा असेल आणि तो हातचा जाईल ही धास्ती असेल, तर एकच सरकारी विमा तुम्हाला धोक्याचा वाटणारच. 2014 मध्ये स्विस मतदारांनीही सगळ्या कंपन्या मोडून एकच सार्वजनिक निधी करायचा प्रस्ताव सुमारे 62 टक्के मतांनी फेटाळला. सर्वांना विमा असलेल्या देशाने तो फेटाळला, हे ध्यानात घ्या. तुमचा आक्षेप असाच असेल तर तुम्ही सार्वत्रिक सेवेचे विरोधक नाही. तुमची पसंती जर्मन किंवा स्विस वळणाची आहे, आणि तसं स्पष्ट म्हणावं.

कर वाढलेला चालेल पण दवाखान्यात पाकीट काढायची वेळ नको, असं वाटत असेल तर ब्रिटिश वळण जवळचं. मग प्रतीक्षेसाठी मनाची तयारी हवी, आणि दर अंदाजपत्रकात त्या सेवेसाठी भांडायचीही. ती एकदा मिळाली की कायमची राहते असं नाही. सेवा सुरू होऊन तीन वर्षं होत नाहीत तोच, 1951 मध्ये, कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसलं आणि बेव्हन यांनी राजीनामा दिला. सरकारवर भरवसा नाही पण शेजाऱ्याने उपचाराविना राहू नये, अशी तुमची अडचण असेल, तर नफाबंदी आणि कुणालाही न नाकारण्याची अट घातलेल्या खासगी विम्याची रचना तुमच्यासाठीच आहे.

आणि कुणी नवी योजना घेऊन तुमच्यासमोर आलं, बाजूने किंवा विरोधात, तर त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंचं काय होईल, ते त्याला विचारा. नोकरी सुटल्यावर विमा राहतो का? गुडघ्याला किती आठवडे, आणि तो आकडा दर महिन्याला जाहीर होणार का? यादीत नसलेलं औषध कोण नाकारतं, आणि त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे बाईंच्या स्वतःच्या खिशातून जातील, ते एका आकड्यात सांगायला लावा.