मॉन्ट्रियलचे ऑलिम्पिक स्टेडियम : पाहायला स्वस्त, पोसायला महाग

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरीची सगळी वर्षे काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणतीही सरकारी इमारत पाहिली की ती देखणी आहे की नाही, हे मनात येण्याआधी तिचे मूळ अंदाजपत्रक किती होते आणि सुधारित मान्यता किती वेळा घ्यावी लागली, हा प्रश्न येतो. सप्टेंबर 2019 मध्ये टोरांटोला मुलीकडे गेले असताना आम्ही चार दिवस मॉन्ट्रियलला जाऊन आलो आणि तिथल्या ऑलिम्पिक पार्कमध्ये या खोडीला पोटभर खाद्य मिळाले. कॅनडात राहणाऱ्या किंवा मुलांकडे येणाऱ्या मराठी मंडळींना हे ठिकाण पाहावे की नाही, हे ठरवता यावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. स्टेडियम लोकांच्या पैशातून उभे राहिले असल्याने त्याचा अभिप्राय तिकिटापुरता ठेवता येत नाही, हे आधीच सांगते.

पोहोचणे अगदी सोपे आहे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावरची दोन स्थानके स्टेडियमला लागून आहेत. एकाचे नाव व्हियो. दुसऱ्याचे नाव रोमन लिपीत ‘पाय’ असे वाचले जाते, प्रत्यक्षात मात्र लोक ‘पी-नफ’ म्हणतात, कारण ते नववे पायस या पोपचे नाव आहे. जावईबापूंनी तीन जणांना ‘पाय’ विचारले आणि तिघांनीही भुवया उंचावल्या. मेट्रोचा हा फाटा 1976 च्या ऑलिम्पिकसाठीच पूर्वेकडे वाढवला गेला आणि आजही रोज कामावर जाणाऱ्यांच्या उपयोगी पडतो. पुढे जे लिहिणार आहे त्यात हा खर्च मी जमेच्या बाजूला धरते.

पाहण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे स्टेडियमवर झुकलेला मनोरा. त्याची उंची 165 मीटर आहे आणि तो 45 अंशांनी कललेला आहे. पिसाचा प्रसिद्ध मनोरा जेमतेम चार अंश कलला आहे, हे लक्षात घेतले की या झुकावाची कल्पना येते. मनोऱ्याच्या पाठीवरून रुळांवर चालणारा काचेचा डबा दोनेक मिनिटांत माथ्यावर घेऊन गेला. डबा वर सरकत असताना खालचे अंडाकृती छत, पलीकडची वस्ती आणि दूरवर सेंट लॉरेन्स नदी हळूहळू उलगडत गेली. मला उंचीची भीती वाटते, तरीही हा प्रवास मी डोळे उघडे ठेवून केला. आमच्या मार्गदर्शिकेचे इंग्रजी स्वच्छ होते, गती सावकाश होती आणि स्टेडियमच्या कर्जाबद्दल विचारल्यावर तिने उत्तर टाळले नाही. फ्रेंच वास्तुरचनाकार रॉजे तायिबेर यांनी वाकवलेल्या काँक्रीटच्या त्या प्रचंड फासळ्या जवळून पाहताना मनोमन दाद द्यावीशी वाटते, हे मान्य करते.

आता हिशेबाकडे वळते. स्टेडियमचा सुरुवातीचा अंदाज सुमारे 13 कोटी 40 लाख कॅनेडियन डॉलरचा होता. शहराचे महापौर झाँ द्रापो यांनी 1973 मध्ये छातीठोकपणे सांगितले की, पुरुषाला जसे मूल होऊ शकत नाही, तशीच ऑलिम्पिकला तूट येऊ शकत नाही. पुढे खर्च वाढत गेला, तेव्हा तिथल्या ‘गॅझेट’ या दैनिकात एजलिन या व्यंगचित्रकाराने पोट वाढलेले महापौर गर्भपात करणाऱ्या प्रसिद्ध डॉक्टरांना फोन लावत आहेत, असे चित्र काढले. मला वाटते, एका ओळीच्या त्या चित्राने जे सांगितले ते सांगायला लेखापरीक्षकांना शंभर पाने लागली असती. संप, अवाढव्य आराखडा आणि खेळांची हलवता न येणारी तारीख या तिन्हींची गाठ पडली की कंत्राटदार सांगेल तो दर द्यावा लागतो. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही, पण घर बांधणाऱ्याला निदान वास्तुशांत पुढे ढकलता येते. 1975 च्या अखेरीस क्वेबेक प्रांताच्या सरकारने काम महापालिकेकडून काढून स्वतःकडे घेतले आणि 17 जुलै 1976 रोजी उद्घाटन झाले, तेव्हा मनोरा अर्धाच उभा होता. तो पूर्ण व्हायला 1987 उजाडले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. न्यायमूर्ती मालूफ यांच्या चौकशी आयोगाने 1980 मध्ये दिलेल्या अहवालात या गोंधळाची मोठी जबाबदारी महापौरांवरच टाकली.

पैसा कुठून आला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. कर्ज फेडण्यासाठी क्वेबेक प्रांताने 1976 मध्ये सिगारेटवर खास कर बसवला आणि स्टेडियमचे देणे नोव्हेंबर 2006 मध्ये, म्हणजे खेळ संपल्यानंतर तीस वर्षांनी फिटले. तोवर बांधकाम, दुरुस्ती आणि व्याज धरून एकूण आकडा 161 कोटी डॉलरच्या घरात गेला होता. मूळ अंदाजाच्या बारापट असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु तीस वर्षांचे व्याज आणि महागाई त्यात मिसळलेली असल्याने ही तुलना काटेकोर नाही, आणि हिशेबाच्या माणसाने ती तशी करूही नये. यातला एक विनोद मात्र सांगण्यासारखा आहे. 2006 च्या मे महिन्यात प्रांताने सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घातली, तशी कराची वसुली घटली आणि कर्जफेड थोडी लांबली. आरोग्य खात्याचे यश स्टेडियमच्या खात्याला नडले. स्टेडियमला आकारावरून ‘बिग ओ’ म्हणतात, आणि इंग्रजीत देणे लागण्याचा शब्दही (owe) तसाच उच्चारला जात असल्याने गावकऱ्यांनी त्या नावाचे स्पेलिंग केव्हाच बदलून टाकले आहे.

ज्या ओशलागा-मेझोनव्ह भागात हे स्टेडियम उभे आहे, ती पूर्वापार गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती. सिगारेटवरचा कर धनिकाला आणि हमालाला सारखाच पडतो, पण मिळकतीच्या मानाने पाहिले तर हमालाला तो जड जातो. म्हणजे समोरच्या गल्लीतल्या माणसाने तीस वर्षे प्रत्येक पाकिटामागे या वास्तूचा हप्ता भरला. त्या बदल्यात त्याला काय मिळाले, हा प्रश्न मी मनोऱ्यावरून खाली पाहताना स्वतःला विचारत होते.

बेसबॉल मिळाला, काही वर्षे. एक्स्पोज हा संघ 1977 पासून इथे खेळला आणि 2004 चा हंगाम संपल्यावर वॉशिंग्टनला निघून गेला. मधल्या काळात, सप्टेंबर 1991 मध्ये, 55 टनांची एक काँक्रीटची तुळई कोसळली. सुदैवाने कोणी खाली नव्हते, पण संघाला हंगामातले उरलेले सामने परगावी खेळावे लागले. छताची कथा तर न संपणारी आहे. मनोऱ्यावरून तारांनी उचलून बाजूला करता येईल असे केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे छत बसवले, ते वाऱ्याने फाटत राहिले. 1998 मध्ये उघडझाप न होणारे दुसरे छत बसवले, तर पुढच्याच जानेवारीत मोटारींच्या प्रदर्शनाची तयारी चालू असताना त्याचा एक भाग बर्फाच्या भाराने फाटून खाली आला आणि पाच कामगार जखमी झाले. त्यानंतर छतावर तीन सेंटिमीटरहून जास्त बर्फ साचले की आत कार्यक्रमच होत नसे. मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यात तीन सेंटिमीटर बर्फ म्हणजे कोकणातल्या जुलैमध्ये एक सर.

आपल्याकडे तालुका क्रीडासंकुलांच्या बाबतीत जे कागदोपत्री पाहिले, तेच इथे मोठ्या अक्षरात लिहिलेले आहे. बांधकामाला पैसे मिळतात, कोनशिलेला पाहुणे मिळतात. छप्पर गळू लागले की ते कोणाच्या लेखाशीर्षातून दुरुस्त करायचे, यावर फाइल फिरत राहते. दवाखान्यातली परिचारिका किंवा शाळेतला शिक्षक हा दरवर्षीचा खर्च असल्यामुळे अंदाजपत्रकात डोळ्यांना खुपतो. स्टेडियम मात्र एकदाच होणारा खर्च म्हणून मंजूर होते आणि मग तेही दरवर्षी जेवायला बसते.

या मैदानाशी आपलेही थोडे नाते आहे, आणि त्यासाठीच मी आत शांतपणे पाच मिनिटे बसले. 1976 मध्ये इथेच श्रीराम सिंह 800 मीटरच्या अंतिम फेरीत उतरले होते. पहिली फेरी त्यांनी अशी जोरात नेली की, त्या वेगाच्या जोरावर क्यूबाच्या आल्बेर्तो हुआंतोरेनाने विश्वविक्रम केला. श्रीराम सिंह सातवे आले, पण त्यांची 1 मिनिट 45.77 सेकंदांची वेळ भारतात पुढे बेचाळीस वर्षे, म्हणजे 2018 पर्यंत, अबाधित राहिली. हॉकी मात्र इथे झाली नाही. ती मॅकगिल विद्यापीठाच्या मोल्सन स्टेडियममध्ये झाली, आणि तीही ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच कृत्रिम गवतावर. 1928 पासून दर वेळी पदक आणणारा भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. खेळाचा पृष्ठभागच महाग झाला की गवतावर शिकणाऱ्या पोरांचे काय होते, हे त्या वर्षी आपल्याला कळले. म्हणून ‘खेळावर खर्च करूच नका’ असे म्हणणाऱ्यांत मी नाही. खर्च सरावाच्या मैदानावर होतो की प्रेक्षकांच्या गॅलरीवर, एवढेच मला पाहायचे असते.

त्या दृष्टीने पार्कचे इतर भाग स्टेडियमपेक्षा कितीतरी सरस ठरतात. मनोऱ्याच्या पायथ्याचे जलतरण केंद्र सर्वसामान्यांसाठी खुले आहे. आम्ही गेलो ती सकाळ कामाच्या दिवसाची होती, तरी एका बाजूला आजीआजोबांचा पाण्यातला व्यायाम आणि दुसऱ्या बाजूला लहान मुलांची शिकवणी चालली होती. सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या इमारतीत 1992 मध्ये ‘बायोडोम’ सुरू झाले, ज्यात उष्ण कटिबंधातल्या जंगलापासून पेंग्विनांपर्यंत वेगवेगळी निसर्गदृश्ये एका छताखाली आहेत. आमच्या वेळी ते नूतनीकरणासाठी बंद होते आणि 2020 मध्ये पुन्हा उघडले. नातवंडे बरोबर असतील तर तेच आधी पाहावे. खुद्द स्टेडियमही दोनदा खऱ्या गरजेला धावून आले आहे. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेतून सीमा ओलांडून आलेल्या, बहुतांशी हैतीच्या, आश्रय मागणाऱ्या लोकांसाठी तिथे खाटा टाकल्या गेल्या, आणि 2021 मध्ये ते करोना लसीकरणाचे मोठे केंद्र झाले. याचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र खाटा टाकायला आणि सुया टोचायला 165 मीटरचा मनोरा लागत नाही.

शेरब्रूक रस्ता ओलांडला की समोर वनस्पती उद्यान आहे, आणि ही जोडी योगायोगाने फार बोलकी झाली आहे. 1931 मध्ये मारी-व्हिक्तोरँ या धर्मबंधूंच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या उद्यानाचे बरेचसे काम महामंदीच्या काळात बेरोजगारांना मजुरी देऊन करून घेतले गेले. आपल्या 1972 च्या दुष्काळातली पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे ज्यांना आठवतात, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पैसा आधी भुकेल्याच्या हातात गेला, आणि शहराला बाग मिळाली ती वर. आम्ही स्टेडियमला दोन तास दिले आणि बागेला सबंध दुपार.

आमच्या भेटीनंतर बरेच काही घडले आहे. 2023 च्या हिवाळ्यात क्वेबेकमधील शिक्षक आणि इतर सरकारी कर्मचारी संपावर असताना सरकारने एका अमेरिकन आइस हॉकी संघाला दोन सराव सामन्यांसाठी 50 ते 70 लाख डॉलर देऊ केल्यावरून मोठा गदारोळ झाला. त्यानंतर फेब्रुवारी 2024 मध्ये स्टेडियमच्या नव्या छतासाठी 87 कोटी डॉलर जाहीर झाले. आपल्या हिशेबात हे पाच हजार कोटी रुपयांहून अधिक, आणि सुमारे नव्वद लाख वस्तीच्या प्रांतात माणशी जवळजवळ 97 डॉलर होतात. पाडायचे म्हटले तर 200 कोटी लागतील, असे पर्यटनमंत्र्यांनी सांगितले. थोडक्यात, ठेवले तरी खर्च आणि पाडले तरी खर्च, अशा जागी नेऊन ठेवणारी वास्तू विकत घेताना कोणीही हे कलम वाचलेले नसते. हसण्याचे कारण आपल्यालाही नाही. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल खेळांसाठी अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतले सुमारे 678 कोटी रुपये वळवले गेल्याचे गृहमंत्र्यांना राज्यसभेत मान्य करावे लागले होते, आणि 2030 चे राष्ट्रकुल खेळ आता अहमदाबादला होणार आहेत.

गुण द्यायचे तर मनोऱ्याचा प्रवास आणि मार्गदर्शिका यांना पाचपैकी साडेचार, जलतरण केंद्राला पूर्ण पाच, आणि स्टेडियमला, वास्तू म्हणून तीन व व्यवहार म्हणून एक. जाहीर झाले तेव्हा छताचे काम चार वर्षे चालेल असे सांगितले होते, त्यामुळे स्टेडियमच्या आत जाता येईलच असे नाही आणि मनोऱ्याचे वेळापत्रकही निघण्याआधी तपासून घ्यावे. सकाळी लवकर जावे, पोहण्याचे कपडे बरोबर ठेवावेत, आणि डबा न्यायचा असेल तर तो उघडण्यासाठी बाहेरच्या मोकळ्या काँक्रीटपेक्षा समोरच्या बागेतली सावली बरी.